पेटीतलं खोबरं

परवा नातसुनेनं तिचा लग्नातला शालू माझ्यापुढं आणून ठेवला आणि म्हणाली, "थोरल्या अव्वा, हा कसा ठेवायचा ते सांगा की." मी सांगितलं. शालू अंगावरून उतरला की लगेच घडी घालायची नाही. घामाचा दमटपणा जाईपर्यंत सावलीत दोरीवर सोडायचा, आणि दोरीवर आधी जुनं धोतर टाकायचं, नाहीतर काथ्याला जर अडकते. उन्हात टाकायचा नाही, सोलापूरचं ऊन एका दुपारीत रंग उडवतं. मग जरीची बाजू आत घेऊन घडी घालायची, मऊ धुवट कापडात गुंडाळायचा, वर वेखंडाचे तुकडे आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. दरवर्षी बाहेर काढून घडी बदलायची, कारण एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्याच रेषेवर फाटतं. जरीजवळ डांबराच्या गोळ्या नकोत, अत्तर नको. पोरगी मान डोलवत होती. शेवटी मी म्हटलं, "आणि पेटीत खायचं काही ठेवायचं न्हाय. ओटीचं खोबरंसुद्धा न्हाय." ती हसली. म्हणाली, "अव्वा, कपड्याच्या पेटीत खोबरं कोण ठेवतंय?"

एकीनं ठेवलं होतं. आणि ती ठेवत असताना मी बघत बसले होते.

ज्याच्यामुळं हे घडलं तो माझा नवरा. जिवंत होता तोवर त्याला 'हे' म्हटलं, 'ते' म्हटलं, नाव कधी ओठावर आणलं नाही. आता त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी त्याला 'तो' म्हणते. या वयात एवढी चैन करायला हरकत नाही.

त्याचा सुताचा व्यापार होता. गावात गिरण्यांचा जोर होता आणि घरोघरी हातमाग चालत, त्यामुळं सुताला मरण नव्हतं. घरात आम्ही अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचो. दुकानात विणकर आले की तो मोडकंतोडकं तेलुगूही बोलायचा. साहेबाच्या माणसांशी बोलताना मात्र त्याचा आवाज बारीक व्हायचा आणि पाठीला आपोआप बाक यायचा. एकच हौस होती त्याला, मोठ्या लोकांत गणना व्हावी. हिवाळ्यात कलेक्टरसाहेब गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावून दरबार भरवायचे. तंबू, खुर्च्या, हार, चहा. त्या दरबारात आपल्याला बोलावणं येतं, हे तो न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

त्या दरबारासाठी त्याचा पोशाख होता. मुंबईहून शिवून आणलेला काळ्या लोकरीचा लांब कोट, गुडघ्याच्या खाली येणारा. जरीचा पटका. आणि विलायती काळे पंपशू, असे चकचकीत की तो ते हातात धरून त्यात आपल्या मिशा बघायचा. मी प्रत्यक्ष पाहिलंय. लोकांच्या घरी आरसा असतो, आमच्या घरी पंपशू होते.

या सगळ्याची उस्तवार माझ्याकडं. कोट आला की वेताच्या छडीनं हलक्या हातानं झोडायचा, मग ब्रशनं लोकरीच्या लवीच्या दिशेनं झाडायचा. कॉलरला मानेचं तेल लागलेलं असायचं, त्यावर खडूची पूड दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी झटकून रिठ्याच्या फेसाचा ओलसर फडका फिरवायचा. पटक्याची जर हाताच्या घामानं काळी पडते म्हणून हात धुऊन, कोरडे करून मगच त्याला शिवायचं. आणि पंपशू पुसायचे दुधानं. कापसाचा बोळा दुधात बुडवून आधी पुसायचे, मग कोरड्या मलमलीनं घासायचे, मग आत कागदाचे बोळे भरून ठेवायचे म्हणजे आकार मोडत नाही. घरात दूध कमी पडलं तर आमचा चहा काळा व्हायचा, पण पंपशूला दूध कमी पडलं असं कधी झालं नाही.

मी स्वतः अनवाणी. आमच्या घरच्या बायका पायात काही घालत नसत. देवाला जा, बाजारात जा, होटगीला पाहुण्यांकडं जा, पाय उघडेच. वैशाखात फरशीवर पाऊल ठेवलं की चटका मस्तकात जायचा. बाईमाणसानं वहाणा घालून पुरुषांसमोरून जाणं म्हणजे उद्धटपणा, असं तो म्हणायचा. ते म्हणताना त्याच्या पायात मी दुधानं पुसलेले पंपशू असायचे.

एवढं सगळं सागवानी पेटीत जायचं. पेटी जुनी, भक्कम, पण मागच्या कोपऱ्यात तळाशी फळी सुटली होती. दोन बोटं जातील एवढी फट. मी तिथं वेखंडाचा मोठा तुकडा चिंधीत गुंडाळून ठासून बसवायचे. वरून बघणाऱ्याला तो कोपऱ्यातला कचरा वाटायचा. त्या पेटीत सगळ्यात खाली माझा शालू होता.

माझा म्हणजे माझ्या अव्वाचा, माझ्या आईचा. ती अक्कलकोटकडची. तिच्या लग्नातला डाळिंबी शालू तिनं मला माझ्या लग्नात नेसवला आणि पुढच्याच वर्षी ती गेली. भावांनी बाकी सगळं ठेवून घेतलं, मला कुणी तिची एक वाटीही दिली नाही. आश्विनात कपडे सावलीला काढायचे तेव्हा मी तो शालू मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक घडी उलगडून दुसरीकडं फिरवायची. अव्वा तशीच फिरवायची, अंगठ्यानं घडीची रेघ दाबत दाबत. त्या घरात चूल, माणसं, भांडी, सगळं त्याचं होतं. माझं म्हणावं असा तो शालू होता, बस.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मला मूल झालं नाही. एके दिवशी दुपारी जेवताना तो म्हणाला, "मोहोळकडची पोरगी बघितलीया. घरचे गरीब हायत, पण रीतीभातीचे हायत. वैशाखात उरकून घेऊ."

मी भाकरी वाढत होते. हात थांबला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मग पाणी पिऊन म्हणाला, "आणि तुझा तो शालू काढून नीट करून ठेव. नवरीला व्हईल. नवा आणायला आता येळ न्हाय. तू तर काय, आता कुटं नेसतीस?"

सवत आणतो याचं मला दुःख झालं नाही असं नाही. पण ते दुःख माझ्या ओळखीचं होतं. आजूबाजूला पाच घरं सोडून सहाव्या घरात हेच होत होतं, मी मनाची तयारी केव्हाच केली होती. शालूची तयारी केली नव्हती. माझ्या आईच्या अंगावरचं कापड तो माझ्याच हातानं साफ करून घेऊन दुसरीला नेसवणार होता, आणि ते त्यानं ताकाची वाटी पुढं सरकवावी तसं सांगितलं. त्या क्षणी माझ्या मनात त्याच्याविषयी जे काही उरलंसुरलं होतं ते संपलं. मी "व्हय" म्हटलं. त्याला वाटलं, मी कबूल झाले.

लग्नाआधी मी त्याचा पोशाख असा केला की तसा कधी केला नव्हता. कोटावर एक कुसळ दिसत नव्हतं. पंपशू तर असे की वर माशी बसली असती तर घसरली असती. शालूही काढला. सावलीत सोडला, घडी बदलली, काठ न् काठ हातानं सरळ केला. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी न्हाऊन तो मीच नेसले.

आत नवरी हळदीच्या पिवळ्या लुगड्यात शालूची वाट बघत बसली होती. नवऱ्याची आत्या, म्हणजे माझ्या आत्याबाई, तरातरा आल्या. मला बघून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, हे काय केलंस? काढ तो. नवरी बसलीया तितं."

मी म्हटलं, "आत्याबाई, सवाष्णीला अंगावरचं लुगडं उतरवायला सांगताय? मांडवात? मुहूर्ताच्या तोंडावर?"

त्यांनी जीभ चावली. सवाष्णीच्या अंगावरून लग्नाचं वस्त्र उतरवायला लावणं यापेक्षा मोठा अपशकुन त्यांना माहीत नव्हता, आणि अपशकुनाला त्या जेवढ्या भ्यायच्या तेवढ्या देवालाही भ्यायच्या नाहीत. वर आमच्याकडची रीत अशी की दुसरी आली तर तिची ओटी पहिलीनं आधी भरायची. म्हणजे मला आत लपवून ठेवण्याचीही सोय नव्हती. मी डाळिंबी शालूत मांडवात आले आणि पिवळ्या सुती लुगड्यातल्या त्या पोरीची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक आणि खोबऱ्याची वाटी. सगळा मांडव तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता. तो हातात हार घेऊन उभा होता, काळ्या कोटात, जरीच्या पटक्यात. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पंपशूसारखा काळा झाला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "पेटीची किल्ली दे." मी कमरेची किल्ली काढून दिली. "आणि तो शालू. तुला मिरवायचं हुतं, मिरवून झालं. आता तो पेटीत ऱ्हाईल. पुन्हा तुझ्या अंगावर दिसला तर मी जाळून टाकीन." मी शालू दिला. त्यानं मागं उभ्या असलेल्या पोरीच्या हातात किल्ली ठेवली आणि मला म्हणाला, "आजपासून पेटी हिच्याकडं. तू पेटीला हात लावायचा न्हाय. पेटीचं नाव पण काढायचं न्हाय, माझ्याकडं न्हाय, हिच्याकडं बी न्हाय. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं.

पोरगी सोळा-सतरा वर्षांची असेल. तिच्या बापाच्या घरी घोंगडी, सुती धोतरं आणि पायताणं, यापलीकडं काही नव्हतं. लोकरीचा कोट तिनं पहिल्यांदाच हातात धरला होता. मी ओसरीवर गहू निवडत होते, कपड्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "अक्का, हे कसं ठिवायचं?"

तो तिथंच उभा होता. "तिला कशाला इचारतीस? तुला हात न्हाईत?"

मग त्या बिचारीनं तिला ठाऊक होतं तसं केलं. आधी पेटी रिकामी करून केरसुणीनं झाडली. माझा कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, कोपऱ्यातला चिंधीचा बोळा, सगळं केरात गेलं. तळाशी शालू ठेवला, साधाच, गुंडाळल्याशिवाय. त्यावर पटका, त्यावर कोट. पंपशूंना तिनं खोबरेल तेल चोपडलं, कारण तिचा बाप पायताणांना तेल लावायचा. आणि सगळ्यात वर, लग्नाच्या उपरण्यात बांधलेली ओटी. ही शिकवण आत्याबाईंची. मूल हवं असेल तर लग्नाची ओटी सोडायची नाही, खायची नाही, पाळणा हलेपर्यंत लग्नाच्या कपड्यांत तशीच राहू द्यायची. मुलासाठी तर सगळा खटाटोप चालला होता. तिनं ती पुरचुंडी कोटाच्या छातीवर ठेवली, हात जोडले आणि झाकण लावलं.

माझं तोंड उघडलं होतं. एकच वाक्य पुरलं असतं, अगं, ते खोबरं काढ आणि त्या कोपऱ्यात काहीतरी ठास. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगते: जिंकल्याचा आनंद. मी तोंड मिटलं आणि पुन्हा गव्हातले खडे वेचू लागले.

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. श्रावणातल्या एका दुपारी घर निजलेलं होतं, मी ओसरीवर डाळ पाखडत होते. त्या खोलीतून आवाज आला. खुडखुड. मग थांबला. मग पुन्हा खुडखुड. उंदराचा आवाज बाईमाणसाला शिकवावा लागत नाही.

फट तळाशी होती. शालू तळाशी होता. खोबरं वर होतं. वर जायची वाट शालूतूनच होती, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी सूप खाली ठेवलं. उठून पोरीला सांगावं, किल्ली घेऊन पेटी उघडायला लावावी, असं मनात आलं. पायही जमिनीला टेकवले. मग त्याचा आवाज आठवला, पेटीचं नाव काढायचं न्हाय. आणि मला वाटलं, मी बोलले तर शालू वाचेल, त्याचा कोटही वाचेल. वाचलेला शालू त्याच्याच पेटीत राहील, त्याच्याच किल्लीखाली, आणि उद्या तो आणखी कुणाच्या तरी अंगावर घालायला काढेल. अव्वाचा शालू असा त्याच्या मर्जीवर जगण्यापेक्षा उंदरानं खाल्लेला बरा. पण मग त्याचंही काही राहता कामा नये.

मी सूप उचललं.

पुढं रोज दुपारी तो आवाज यायचा. राग म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. जो डोक्यात जाऊन उतरतो तो राग नव्हे. खरा राग रोज तुमच्याबरोबर उठतो, पाणी भरतो, भाकरी थापतो. आज पदर असेल, आज काठ असेल, असं मनात म्हणायची आणि डोळे भरून यायचे. मग आज कोटाची बाही असेल, असं म्हणायची आणि डोळे पुसायची. पोरगी एकदा म्हणाली, "अक्का, रडताय व्हय?" मी म्हटलं, "कांदा चिरलाय." कांदा नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

आश्विन आला. कपडे सावलीला काढायचे दिवस आले आणि गेले. पोरीला माहीत नव्हतं. त्याला तर मुळीच माहीत नव्हतं. कपडे पेटीत टाकले की आपोआप चांगले राहतात, असंच तो जन्मभर समजत होता. दसरा-दिवाळीला त्याचे दुसरे कपडे असायचे. पेटी उघडायचं कारण आलं नाही.

हिवाळ्यात बोलावणं आलं. या खेपेला साहेब काही जणांना पुढं बोलावून हातात हात देणार होते आणि त्यांत हाही होता. त्यानं आठवडाभर घरात चालताना उजवा हात पुढं करून बघितला. दरबाराच्या दिवशी सकाळी न्हाऊन, गंध लावून त्यानं हाक मारली, "पोशाख काढ."

किल्ली फिरली, झाकण उघडलं, आणि पोरगी किंचाळली. मी स्वयंपाकघरातून सावकाश हात पुसत आले.

वरच्या उपरण्याच्या चिंध्या झाल्या होत्या. तांदळाचा भुगा आणि लेंड्या यांचा थर होता. खोबऱ्याचं नाव नव्हतं. कोट त्यानं उचलला तर छातीतून पलीकडचं दिसत होतं, आणि घडी जिथं जिथं होती तिथं तिथं भोकांची रांग पडली होती. पटक्याची जर सुटून लोंबत होती. पंपशू त्यातल्या त्यात उभे होते, पण तेलाच्या वासानं शिवणीचा दोरा कुरतडलेला. आणि तळाशी, कोपऱ्यात, घरटं होतं. डाळिंबी रेशमाचे धागे आणि काळी लोकर एकत्र करून उंदरानं मऊ गोल घरटं केलं होतं, आत गुलाबी पिल्लं वळवळत होती. आमचा संसार एकत्र असा तेवढाच झाला.

त्यानं पोरीवर हात उगारला. मी मध्ये उभी राहिले.

"तिला हात लावू नका," मी म्हटलं. "तिनं रीत पाळली. वटीचं खोबरं पेटीत ठेव, असं तुमच्या आत्याबाईंनी सांगितलं हुतं."

त्यानं हात खाली घेतला. "तुला माहीत हुतं?"

"व्हय."

"उंदीर हाय हे माहीत हुतं?"

"श्रावणापासून."

"मग सांगितलं न्हाईस?"

"तुमीच म्हणाला हुता, पेटीचं नाव काढायचं न्हाय. माझ्याकडं न्हाय, हिच्याकडं न्हाय. मी तुमचा शब्द मोडला न्हाय."

त्याच्या हातात कोट होता. तो त्याच्याकडं बघेना, पेटीच्या तळाकडं बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "पण तुझा शालू बी हुता की त्यात."

"व्हय की. हुता."

"तुझ्या आईचा."

"माझ्या आईचा."

तो मटकन पेटीच्या काठावर बसला. कोट गेला म्हणून नाही. कोट त्याला पुन्हा शिवता आला असता. मी स्वतःचा जीव त्याच्या कोटाबरोबर उंदराला घातला आणि इतके महिने त्याला निमूट जेवायला वाढलं, हे त्याला त्या क्षणी कळलं. माझ्यासारखी बाई आपल्या घरात आहे हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. त्यानंतर तो मला कधी काही मोठ्यानं बोलला नाही, मी वाढलेल्या ताटाकडं मात्र एक क्षण बघून मगच हात घालायचा. मला ते आवडायचं.

दरबाराला तो दुकानात घालायच्या अल्पाकाच्या कोटात गेला. पंपशू तेवढे घातले, कारण दुसरं शोभेलसं काही नव्हतं. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण गाव कशाला आहे? नाव पुकारलं, हा उठला, आणि तंबूतल्या सतरंजीवर उजव्या पंपशूचा तळ मागंच राहिला. तळ तिथंच टाकून तो तसाच पुढं गेला, पाय फरफटत. साहेबानं हात दिला की नाही, यावर दोन मतं आहेत. तळाविषयी दोन मतं नाहीत. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

पोरीनं दुसऱ्याच दिवशी किल्ली माझ्या पायाशी आणून ठेवली आणि रडायला लागली. "अक्का, तुमच्या आईचा हुता व्हय तो? मला कुणी सांगितलं न्हाय." मी तिला उठवलं. तिच्यावर माझा राग नव्हता, पण माया लगेच आली असंही म्हणणार नाही. ती पुढं आली, तिचा पोरगा माझ्या अंगाखांद्यावर वाढला तेव्हा. त्या दिवशी आम्ही दोघींनी शालू उलगडला. पदर आणि एका बाजूचा काठ शाबूत होता. त्यातून मी दोन चोळ्या बेतल्या, एक तिची, एक माझी. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला आम्ही दोघी त्या डाळिंबी चोळ्या घालून त्याच्या पुढून चाललो. ओळखीच्या बायकांनी चोळ्यांकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तो वाटेतच माघारी फिरला.

कोट मात्र मी फेकू दिला नाही. तो डोळ्यांसमोर नको म्हणून जाळा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "कापड चांगलं हाय, वाया कशाला घालवता?" भोकांमधलं धड कापड कात्रीनं कापून त्याची फडकी केली, त्याच्यासमोर बसून, एक एक करून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला जायच्या वेळी त्याचे रोजचे जोडे मी त्यातल्याच एका फडक्यानं पुसून त्याच्यापुढं ठेवले. त्यानं फडकं ओळखलं. जोडे घातले आणि गेला. तो मरेपर्यंत त्याचे जोडे त्याच्या दरबारी कोटानंच पुसले जात होते.

तो गेला त्या वर्षी मी बाजारात जाऊन स्वतःसाठी चपला घेतल्या. दुकानदार म्हणाला, "आजी, कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." घरी आणून दारात ठेवल्या, सगळ्यांना दिसतील अशा. तेव्हापासून अनवाणी बाहेर पडले नाही.

नातसून शालू घेऊन गेली तेव्हा मी चपला पुसतच होते. ते काळं फडकं बघून म्हणाली, "अव्वा, हे किती जुनं हाय, टाका की." मी म्हटलं, "राहू दे. मुंबईची लोकर हाय, अजून झिजली न्हाय."